छापखान्याचं विलीनीकरण आणि भाड्याची जागा

प्रश्न : आमची मुद्रण कंपनी 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं दुसऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत विलीन झाली. मुंबईतली छापखान्याची जागा जुन्या कंपनीच्या नावे भाड्यानं आहे. आता मालकानं जागा खाली करण्याची नोटीस पाठवली आहे. कोर्टाच्या आदेशानं भाडेहक्क नव्या कंपनीकडे आला नाही का?

उत्तर : आला, आणि अडचण तिथंच आहे. ‘जनरल रेडिओ विरुद्ध खादर’ (1986) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विलीनीकरण कंपन्यांनीच अर्ज करून मागितलेलं असतं, त्यामुळे ते भाडेहक्काचं हस्तांतरच ठरतं. उच्च न्यायालयाची मंजुरी मालकाच्या संमतीची जागा घेत नाही. विलीनीकरणाची योजना आखताना भाडेकरार कुणी उघडून वाचलाच नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. असं वारंवार घडतं आणि महागात पडतं.

म्हणून आज करारातलं हस्तांतराचं कलम शोधा. हस्तांतराची मुभा लिहिलेली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 26 हस्तांतर बेकायदा ठरवतं आणि कलम 16(1)(ई) खाली ताब्याचा दावा होतो. मग मालकाचं संमतीचं एखादं पत्र किंवा नव्या कंपनीच्या नावच्या भाडेपावत्या हाच आधार. भाडं कुणाच्या खात्यातून गेलं, त्याचे बँकेचे उतारे 2014 पासून काढा. नुसतं भाडं घेतलं म्हणजे संमती दिली, असं कोर्ट मानेलच याची खात्री नाही.

नव्या कंपनीचं पेड-अप भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) 1 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर कलम 3(1)(बी) मुळे भाडे कायद्याचं संरक्षणच जाऊ शकतं. कुठल्या तारखेचं भांडवल धरायचं, यावर वाद घालता येईल. मग कारखान्यासाठीच्या भाडेपट्ट्याला लागणाऱ्या सहा महिन्यांच्या नोटिशीवर विसंबू नका. पट्टा नोंदणीकृत नसेल, तर पंधरा दिवसांचीही पुरते.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फतच उत्तर द्या. ‘आम्ही तीच कंपनी आहोत’ असं त्यात लिहू नका. विलीन झालेली कंपनी संपलेली असते. मालक समेट म्हणून लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायच्या नुसत्या परवानगीचा करार पुढे करेल. त्यावर सही केली, की उरलेला भाडेहक्कही गेला. लघुवाद न्यायालयात दावा वर्षानुवर्षं रेंगाळेल, पण त्या भरवशावर राहू नका. ताबा द्यायचीच वेळ आली, तर फाउंडेशनला बोल्ट केलेलं ऑफसेट मशीन ताबा सोडण्याआधीच काढून घ्या.