जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गियरबॉक्स ऑइल बदलावे की राहू द्यावे?

प्रश्न : मी अलीकडेच २०११ सालची होंडा सिटी ऑटोमॅटिक जुन्या बाजारातून घेतली. गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिनाच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मिळाल्या, पण गियरबॉक्सचे ऑइल कधी बदलले याची नोंद कुठेही नाही. सध्या काही तक्रार नाही. एक गॅरेजवाले म्हणतात, ‘एवढ्या रनिंगनंतर त्या ऑइलला हात लावू नका, गियरबॉक्स बसेल.’ दुसरे म्हणतात, ‘मशीनने फ्लश करून (नवे ऑइल दाबाने आत सोडून जुने धुऊन काढून) सगळे ऑइल बदला.’ कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. पहिल्या सल्ल्यामागच्या हकिगती खोट्या नसतात. ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत गियरबॉक्स निकामी झाल्याची उदाहरणे घडतात, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. वर्षानुवर्षे ज्याची कोणाला आठवणही झाली नाही, ते ऑइल बदलायला माणूस केव्हा जातो? गियर पडताना धक्का बसू लागला, किंवा इंजिनाची रेस वाढूनही गाडी वेग घेईनाशी झाली, की तेव्हा. तोवर आतल्या क्लच प्लेटांवरचे घर्षणाचे अस्तर बरेचसे झिजलेले असते आणि नवे ऑइल कितीही चांगले असले तरी ते अस्तर परत आणू शकत नाही. होणारे झाले, पण आळ ऑइलवर आला, असा तो प्रकार असतो. आपल्या गाडीला आज काहीच तक्रार नाही, म्हणूनच ऑइल बदलण्याची योग्य वेळ हीच आहे.

हे ऑइल केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागात, इंजिनाची शक्ती तेच पुढे पोहोचवते, त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात, आतली उष्णता तेच बाहेर नेते, आणि क्लच किती हळुवार किंवा किती घट्ट पकडावा हे त्यातल्या घर्षण-नियंत्रक रसायनांवर ठरते. उष्णतेने ही रसायने हळूहळू निकामी होतात. शहरातल्या रखडत्या वाहतुकीत आणि कसाऱ्यासारख्या घाटात टॉर्क कन्व्हर्टर अधिक तापतो, त्यामुळे आपल्याकडच्या गाडीचे ऑइल मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या गाडीच्या ऑइलपेक्षा लवकर थकते. काही कंपन्या ‘आयुष्यभर बदलू नये’ असे सांगत असल्या, तरी झेडएफ ही गियरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सचे ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर ८ वर्षांनी बदलावे असे सांगते. ‘आयुष्यभर’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा पहिल्या मालकापुरताच असतो.

आधी परीक्षा करावी. गियरबॉक्सच्या डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरचा) एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपावा. नवे ऑइल लालसर आणि पारदर्शक असते. जुने तपकिरी होते आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र ते काळे असेल, जळका वास येत असेल, किंवा बोटांवर चोळताना खरखर लागत असेल, तर क्लच जळू लागले आहेत असे समजावे. त्याचबरोबर सकाळी थंड इंजिनावर रिव्हर्स टाकून पाहावे. गियर पडायला लक्षात येण्याइतका उशीर लागत असेल, अथवा डॅशबोर्डवरचा ‘डी’ हा दिवा लुकलुकत असेल, तर ऑइलवर पैसे घालण्याआधी स्कॅनर लावून दोष वाचून घ्यावा.

आता फ्लशविषयी. बाहेरून दाब देणारे यंत्र जुन्या गियरबॉक्सला लावण्याच्या मी विरुद्ध आहे. इतक्या वर्षांत कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेला गाळ एकाच वेळी सुटला, तर तो व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत आणि सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपांच्या) जाळ्यांत जाऊन अडकू शकतो. गियरबॉक्सच्या स्वतःच्याच पंपावर चालणारी यंत्रे त्या मानाने सौम्य असतात, पण गॅरेजात कोणते यंत्र आहे आणि ते चालवणारा किती जाणकार आहे, हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही. शिवाय होंडाच्या या गियरबॉक्ससाठी साधी आणि भरवशाची रीत उपलब्ध असताना तो धोका पत्करावाच कशाला?

ती रीत म्हणजे ड्रेन बोल्ट उघडून जेवढे निघेल तेवढे ऑइल काढणे, तेवढेच नवे भरणे, काही दिवस गाडी चालवणे आणि पुन्हा तेच करणे. बोल्ट उघडल्यावर सगळे ऑइल निघत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच अडकून राहते. हिशेबासाठी एकूण ६ लिटर आणि एका वेळी निघणारे अडीच लिटर असे धरले, तर पहिल्या खेपेनंतर सुमारे ४२ टक्के ऑइल नवे होते, दुसऱ्यानंतर ६६ टक्के आणि तिसऱ्यानंतर ८० टक्के. तीन खेपांच्या पुढे फायदा झपाट्याने कमी होत जातो, म्हणून तिथेच थांबावे. दोन खेपांमध्ये निदान पाचशे-हजार किलोमीटर जाऊ द्यावेत, म्हणजे जुन्या क्लचना नव्या ऑइलची सवय एकदम करावी लागत नाही आणि काही बिघडू लागलेच तर मध्येच थांबता येते.

काम चालू असताना शक्यतो समोर उभे राहावे. गियरबॉक्सच्या ड्रेन बोल्टला षट्कोनी डोके नसते, चौकोनी खाच असते आणि तीत ३/८ इंची रॅचेटचे टोक सरळ बसते. हे लक्षात ठेवावे, कारण इंजिन ऑइल बदलायला आलेल्या गाडीचा नेमका हाच बोल्ट घाईत उघडला जातो. मग इंजिनात दुप्पट ऑइल आणि गियरबॉक्स कोरडा, अशी स्थिती होते. निघालेल्या बोल्टाच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा आहे. धातूचे चमकते तुकडे दिसले तर मात्र पुढच्या खेपा रद्द करून गियरबॉक्सच्या कारागिराला दाखवावे. बोल्ट बसवताना वॉशर नवा घालावा आणि आवळ ४९ न्यूटन मीटरच ठेवावा. केसिंग ॲल्युमिनियमचे असते, जोर लावला की आटे जातात. निघालेले ऑइल मापून तेवढेच नवे, अरुंद फनेलने, डिपस्टिकच्या तोंडातून भरावे.

पातळी पाहण्याची रीत इथे वेगळी आहे आणि चूक सर्वाधिक तिथेच होते. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहतात. या होंडात सपाट जमिनीवर इंजिन पुरते तापवावे, रेडिएटरचा पंखा लागू द्यावा, मग इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी पाहावी. इंजिन चालू ठेवून मापणाऱ्याला ऑइल कमी दिसते, तो आणखी भरतो, आणि जास्तीच्या ऑइलला फेस येऊन दाबच टिकत नाही.

ऑइल होंडाच्या डीडब्ल्यू-१ या प्रकारचेच घ्यावे. जुन्या झेड-१ ची जागा त्यानेच घेतली आहे. दुकानदाराला मात्र नुसते ‘होंडा सिटी ऑटोमॅटिक’ असे सांगू नये. २००८ नंतरच्या आपल्या पिढीतल्या सिटीत पाच गियरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा गियरबॉक्स आहे, तर २०१४ पासूनच्या सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गियरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गियरबॉक्स आहे आणि त्याचे ऑइल एचसीएफ-२ हे अगदी निराळे असते. या दोहोंची अदलाबदल कधीही चालत नाही. ‘सर्व गाड्यांसाठी’ असे लिहिलेले स्वस्त ऑइलही टाळावे. यापुढे दर ४० हजार किलोमीटरवर एक खेप केली तरी पुरे; तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत.

प्रश्न : माझी २०१५ सालची सेलेरिओ एएमटी आहे. हेच सगळे तिलाही लागू होते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. आपल्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाही. आतला गियरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच आहे. क्लच दाबण्याचे आणि गियर बदलण्याचे काम तेवढे पायाहातांऐवजी एक हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्यामुळे गियरबॉक्सला मॅन्युअलचे गियर ऑइल लागते आणि त्या यंत्रणेच्या छोट्या टाकीत वेगळे हायड्रॉलिक ऑइल असते. लाल ऑटोमॅटिक ऑइल या गियरबॉक्समध्ये कोणी भरू पाहत असेल, तर गाडी तशीच बाहेर काढावी.