संत्र्याची ड्युटी: कांदा अडवून ढाका नमणार नाही

भाऊ, तुमच्या निवेदनातलं म्हणणं असं की बांगलादेशानं आपल्या संत्र्यावर एवढी आयात ड्युटी लावली तर आपण त्यांना जाणारा आपला कांदा बंद करावा, दोन महिन्यांत ताळ्यावर येतील, मग दिल्लीवाले हे काहून करत नाहीत. नागपूरच्या कळमना बाजारात दर सीझनला हेच ऐकतो. पण हे करून झालं ना बाप्पा! सप्टेंबर २०१९ ला कांदा बंद केला, तेव्हा त्यांच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत बोलून गेल्या की आमच्या स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय. डिसेंबर २०२३ ला परत बंदी. आणि ड्युटी? २०१९ ला किलोला २० रुपयांच्या आसपास होती ती २०२३ ला ८८ झाली. म्हणजे २० किलोच्या क्रेटवर १७६० रुपये नुसती ड्युटी, बागेत तेवढे पैसे अख्ख्या क्रेटचे कोणी देते का?

आता कांदा कोणासाठी बंद झाला ते बघा. ढाक्याला धडा शिकवायला नाही, आपल्याच शहरातल्या गिऱ्हाइकासाठी, कारण लोकसभा तोंडावर होती. आणि उघडताना काय तमाशा झाला आठवा, एप्रिल २०२४ ला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनाची परवानगी दिली, नाशिककडे बोंब उठली, लगेच दोन-तीन दिवसांत ९९,१५० टनाचं पत्रक निघालं ज्यात बांगलादेशपण होता, आणि ४ मे ला, नाशिकचं मतदान २० ला असताना, बंदीच उठली. ढाक्याशी कुठं काय ठरलं यात?

तिकडंही तसंच आहे. त्यांच्याकडं संत्रा नावापुरता पिकते, त्यामुळं वाचवायला शेतकऱ्यांची मोठी फौज नाही. अडून बसते ती तिजोरी. २०२२ ला डॉलर आटले तेव्हा परदेशी फळं चैनीच्या मालात टाकली, मग आयएमएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, कर्ज घेतलं, त्यात कर वाढवायची अट, आता हातातली ड्युटी कोण सोडते. त्यात ऑगस्ट २०२४ ला हसीनांची सत्ता गेल्यावर भारताला काही सूट दिली की तो माणूस दिल्लीचा हस्तक ठरतो. एप्रिल २०२५ ला त्यांनी जमिनीच्या नाक्यांवरून आपलं सूत बंद केलं, ते त्यांच्या सूतगिरण्यांना पाहिजे होतं, कपडे शिवणारे कारखानदार ओरडतच राहिले. मे मध्ये आपण त्यांचे रेडीमेड कपडे नाक्यांवर अडवले, आपले कपडेवाले खूश. सूत अडलं की कापसाच्या भावाला झळ बसते ती आपल्या विदर्भात, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्या राज्यानं सोपा रस्ता काढला, ड्युटीच्या निम्मे म्हणजे किलोला ४४ रुपये अनुदान जाहीर केलं. ऐकायला छान. पण नीट बघा, त्यांच्या ड्युटीचा अर्धा भार आपल्या तिजोरीवर, मग ढाक्याला ती उतरवायची गरजच काय? घोषणा करायला कोणाशी बोलावं लागत नाही आणि टाळ्या इथंच पडतात, म्हणून ती होते.

ड्युटी सैल होते ती वेगळ्याच कारणानं. जानेवारी २०२५ ला त्यांनी फळांवरची पुरवणी ड्युटी, म्हणजे मूळ आयात ड्युटीवरचा जादा कर, २० ची ३० टक्के केली, तर त्यांच्याच फळ आयातदारांनी आंदोलन केलं, मार्चात रमजान चालू असताना ती २५ वर आली. दिल्लीनं सांगितलं म्हणून नाही, इफ्तारच्या ताटातलं फळ महागलं म्हणून. आणि आपला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या फुलोऱ्याचा संत्रा, फेब्रुवारी-मार्चातच निघते, सध्या रमजानही त्याच सुमारास येते.

म्हणून तुमच्या निवेदनातून कांदाबंदी काढून टाका, नाशिकवाले तुमच्याच अंगावर येतील. कायमची ड्युटीमाफीही मागू नका, ती तिथला कोणताच अर्थमंत्री देऊ शकणार नाही. फक्त रमजानपुरती, मर्यादित टनाची सवलत मागा, म्हणजे ढाक्याला ती आमच्याच गिऱ्हाइकासाठी केली असं तिकडच्या लोकांना सांगता येईल. बेनापोलच्या, म्हणजे त्यांच्या सीमेवरच्या नाक्याच्या, ज्या आयातदारांना तुमचा माल जाते त्यांच्याकडून त्यांच्या सरकारला तेच पत्र जाऊ द्या, आणि ते डिसेंबरातच गेलं पाहिजे, तोडणी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही.