3,600 रुपयांच्या वादापायी अख्खं खातं का गोठवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकानं चादरी घेतल्या आणि 3,600 रुपये स्कॅन करून दिले. तीन आठवड्यांनी तुमच्या खात्यातून पैसे जाईनात. ब्रँचमध्ये कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलंय आणि आत 1,82,000 रुपये अडकलेत. आता क्यूआर कोड काढून रोखीवर यावं का, आणि पोलिसांना असा अधिकार तरी आहे का, असं विचारताय.

आधी अधिकाराचं. चोरीचा संशय असलेली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 खाली होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. बँक खातं हीसुद्धा ‘मालमत्ता’च, हे सर्वोच्च न्यायालयानं 1999 साली तापस नियोगी प्रकरणात सांगून टाकलंय. म्हणजे ‘अधिकारच नाही’ असं कुणी म्हणत असेल तर त्या भरवशावर राहू नका. पण त्याच कलमात असंही आहे की जप्तीची खबर पोलिसांनी ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना द्यायची. ही खबर दिली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो कुणी बजावत नाही.

हे घडतं कसं, तेही समजून घ्या. कुणाची तरी फसवणूक होते, तो माणूस सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करतो. मग पैसा ज्या खात्यात गेला ते, तिथून पुढे गेला ते, त्याच्याही पुढचं, अशी साखळी धरत एकेका बँकेला कळवलं जातं. तुमचं गिऱ्हाईक कदाचित स्वतःच चोर असेल, कदाचित त्यालाही कुणाकडून तेच पैसे आले असतील. काउंटरवर बसलेल्या माणसाला हे दिसायला कसलीही सोय नाही. साउंडबॉक्स बोलला की आपण पिशवी हातात देतो.

या व्यवस्थेवर मी सरसकट टीका करणार नाही. पेन्शनची पुंजी गेलेल्या माणसाला पाहिलंय मी. चोरीचा पैसा काही मिनिटांत चार खाती फिरतो आणि एटीएममधून बाहेर पडतो. तिथे पत्रव्यवहार करत बसलं तर परत मिळायला काही उरत नाही. पैसा झटकन अडवायलाच हवा. माझं भांडण एवढंच आहे की वादातले पैसे अडवा, दुकानदाराचा गल्ला अडवू नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं. त्याचा टॉवेलचा धंदा. 9,500 रुपयांचा एक व्यवहार संशयित निघाला आणि चार लाखांच्या वर रक्कम बंद. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या अकरा बायका त्याच्याकडे होत्या, शनिवारी त्यांची मजुरी असते. त्या शनिवारी संध्याकाळी मी दुकानात होतो. बायका पायरीवर बसलेल्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि हा आत सुताच्या व्यापाऱ्याकडून उसने पैसे मागत फोनवर. त्या बायकांचा त्या चोरीशी काय संबंध होता? तीन आठवडे बँक ‘वरून आलंय’ एवढंच सांगत राहिली, पोलिसांचं पत्र दाखवेना. शेवटी तपास अधिकाऱ्याकडूनच ईमेलनं प्रत मिळाली, तर पत्रात फक्त 9,500 रुपये रोखायला सांगितले होते! अख्खं खातं बँकेनं आपल्या मनानं बंद केलं होतं. खातं सुटायला एकूण 41 दिवस लागले.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न बँकेला, आणि तो लेखी. तक्रारीचा पोचपावती क्रमांक काय, पोलीस ठाणं कुठलं, अधिकाऱ्याचा ईमेल काय, वादातला व्यवहार कुठला आणि किती रकमेचा, आणि पोलिसांनी तेवढी रक्कम रोखायला सांगितलीय की पूर्ण खातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अर्जातच लिहा की वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकी खातं चालू करावं. केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच रोखायला सांगितलं होतं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण उल्लेख जरूर करा, अर्जाला वजन येतं. पोलिसांनी मागितलं त्यापेक्षा बँकेनं जास्त रोखलं असेल आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. पोलिसांच्या आदेशाविरुद्ध मात्र लोकपालाचा उपयोग नाही.

दुसरं पत्र तपास अधिकाऱ्याला, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीनं. बिलाची प्रत, जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, त्या दिवसाचं बँक स्टेटमेंट, दुकानाचा फोटो जोडा. माल ट्रान्सपोर्टनं पाठवला असता तर बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, फार कामी आली असती. भाच्याकडे ती होती, त्यावर गाव आणि गठ्ठ्यांची संख्या होती, तिथेच अधिकाऱ्याची खात्री पटली. उत्तर आलंच नाही तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज, त्यासाठी वकील लागेल. ‘अमुक रक्कम भरा, खातं लगेच सोडतो’ असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. आणि ‘चुकून जास्त पाठवले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हणणाऱ्यालाही नाही. चोरीचा पैसा धुण्याची ती जुनी वाट आहे.

क्यूआर काढण्याचं म्हणाल तर जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत कितीतरी दुकानदारांनी तो काढला होता, तिथलं कारण जीएसटीच्या नोटिसांचं होतं. मला हा पराभव वाटतो. यात्रेत हल्ली कोण रोकड घेऊन फिरतं? त्यापेक्षा क्यूआरसाठी वेगळं चालू खातं उघडा आणि रोज रात्री त्यातली रक्कम मुख्य खात्यात न्या. याला कायद्याचं कवच नाही, पण सगळं एका जागी अडकत नाही. आणि हजाराच्या वरच्या प्रत्येक बिलावर यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक लिहा. भाचा आता कार्बन कॉपीवर पेन्सिलीनं शेवटचे चार आकडे टिपतो, दहा सेकंदांचं काम.

धोरणात बदल व्हायलाच हवा. गोठवण्याच्या प्रत्येक आदेशावर रक्कम आणि मुदत छापलेली असावी. खातेदाराला त्याच दिवशी मराठीत एसएमएस जावा, त्यात अधिकाऱ्याचा संपर्क असावा. आणि 3,600 रुपयांच्या खुलाशासाठी दुकान बंद ठेवून हजार किलोमीटर कुणी का जावं, व्हिडिओवर जबाब का घेऊ नये? हे खासदारांना लिहा, व्यापाऱ्यांच्या चेंबरमध्ये मांडा. तुमच्यासारखी चार दुकानं चाटी गल्लीतच निघतील, सगळ्यांनी एकत्र लिहा.

सध्या तुमचं बिलबुक यात्रेच्या तारखेपाशी उघडा. त्या दिवसाचं कार्बनचं पान असेल तर आजच त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, ती शाई लवकर पुसट होते.