वर्ण : गव्हाळ

सई,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "पार्सलात उटणं घातलंय गं, लाव. उजळशील." तू मान डोलावलीस आणि कॉल संपल्यावर मला विचारलंस, "बाबा, माझ्या रंगात काही चुकलंय का?" मी "छे, काहीतरीच" म्हणून भांडी घासायला पळालो. ते काही उत्तर नव्हतं.

आधी उटण्याची बाजू घेतो. नरकचतुर्दशीला पंचवटीतल्या आमच्या वाड्यात मिट्ट काळोख असायचा, तेव्हा आजी उठवायची. मोरीशेजारी बंब पेटलेला. पाटावर बसवून कोमट तेल, मग उटणं. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद... इथे कॅलगरीत ती पुडी उघडली की मी नऊ वर्षांचा होतो. आजीचा हात खरखरीत, आणि कोपर, घोटे, कानामागची जागा काही म्हणजे काही सुटायचं नाही. मळाची वळी निघाली की बोटावर घेऊन दाखवायची, "हे बघ, शेत आहे शेत!"

थंडीत तर रंगाचा विषयच नसे. नाशिकची थंडी कोरडी. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटायच्या आणि आमच्याकडे खोबरेल बाटलीत थिजायचं. ओठ फुटले की तूप. स्वतःच्या टाचा आजी सगळ्यांत शेवटी, सगळे झोपल्यावर बघायची. भांडी बाजारातून आणलेल्या वज्रीने घासून, आमसुलाचं तेल पळीत वितळवून एकेका भेगेत सोडायची. चटका बसला की "स्स्" करायची, तेवढंच ऐकू यायचं.

ही सगळी मायाच, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्याच घरात तुझी आत्याही वाढली.

दर रविवारी तिच्या तोंडाला साय आणि डाळीचं पीठ. "उन्हात जाऊ नकोस" हे तिलाच. मी तिच्याहून काळा, पण मी दुपारभर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पोहत असायचो आणि मला कुणी हटकलं नाही. तिच्यासाठी मेनरोडवरून गोरं करणारी क्रीम मीच आणायचो. तसल्या एका क्रीमच्या नावातला गोरेपणा २०२० साली काढून टाकला. आत्याचं लग्न १९९४ सालचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून स्थळांना द्यायचा कागदही मीच लिहिला. 'वर्ण : गव्हाळ.' आत्या शेजारी बसून म्हणाली, "गहू कुठला रे? बाजरी लिही." सगळे हसले. मीही हसलो, आणि गव्हाळच लिहिलं.

मला मात्र कुणी काहीच शिकवलं नाही, मुलगा ना! मुरमं आली ती नखाने फोडली, वर लिंबू चोळून उन्हात क्रिकेट खेळायला गेलो. काळे डाग पुढे कित्येक दिवस राहिले. डाव्या गालावरचा जो खड्डा तू लहानपणी बोटाने चाचपायचीस, तो त्या नखाचाच.

तेव्हा एवढं ऐक, बाकी सोडून दे. मुरमं फोडू नकोस. इथल्या हीटरने कातडी तडतडते, म्हणून लोशन आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लाव. उटणं तोंडाला नकोच, मुरमांवर चोळाचोळ वाईट. हातापायांना हवं असेल तर दिवाळीला आई लावून देईल. नको असेल तर नको, खरंच. पुडी माझ्या कपाटात राहील.

आजीशी अजून बोललो नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईला फोनवर काय सांगायचं, ते जुळवतोय. तुझा प्रश्न आत्याला मात्र कळवला. ती बराच वेळ काहीतरी लिहीत होती, खोडत होती. शेवटी आलं ते एवढंच : "उटणं कुठून घेतलंय आईने? मलाही सांग ना."

बाबा