बडोद्याच्या सुधारणांत दिवाण माधवरावांचा वाटा किती?

प्रश्न : सयाजीराव गायकवाडांविषयी वाचताना दिवाण सर टी. माधवराव हे नाव वारंवार भेटते. ते मराठी होते का, आणि बडोद्यातील सुधारणांचे श्रेय त्यांना द्यावे की महाराजांना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माधवराव मराठीच, पण कावेरीकाठचे. त्यांच्या नावाआधीचा ‘टी’ तंजावरचा असून तंजावरी देशस्थ घराण्यात, कुंभकोणम येथे १८२८ साली त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर या दक्षिण केरळातील संस्थानाचे दिवाण होते. माधवराव १८४९ मध्ये तेथील राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या आतच दिवाणपदावर पोहोचले.

त्यांचे खरे कर्तृत्व त्रावणकोरातच पाहावे, असे आमचे मत आहे. खजिना रिकामा होता आणि कारभार न सुधारल्यास संस्थान खालसा होण्याची टांगती तलवार होती. अशा वेळी उत्पन्न वाढवण्यासाठी नवे कर न लादता त्यांनी मिरी आणि तंबाखू यांवरील सरकारी मक्तेच उठवले. मक्त्याच्या पद्धतीत शेतकऱ्याला आपली मिरी सरकारलाच, सरकार ठरवील त्या भावाने घालावी लागे. तो जाच संपवून निर्यातीवर जकात बसवली गेली. १८६५ च्या जाहीरनाम्याने तर सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना ती विकण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क मिळाला. हे पाऊल त्या काळी धाडसाचे होते. सामाजिक बाबतीत मात्र त्यांचा हात आखडलेलाच राहिला. शाणार (त्या काळी खालची मानली गेलेली, ताडी काढणारी जात) स्त्रियांना वरचे अंग झाकण्याची मुभा देणारा १८५९ चा जाहीरनामा त्यांच्याच दिवाणगिरीत निघाला खरा, पण त्यामागे मद्रास सरकारचा दाब होता, शिवाय उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेण्याची बंदी त्यात कायमच होती.

पुढे इंदूरला होळकरांकडे थोडा काळ काढून ते १८७५ मध्ये बडोद्यास आले. तेथील महाराज मल्हारराव पदच्युत झाले होते, आणि तुमच्याच जिल्ह्यातील कवळाण्याचे बारा वर्षांचे गोपाळराव दत्तक जाऊन सयाजीराव झाले होते. महाराज वयात येईपर्यंत राज्य दिवाणाच्याच हाती होते. त्या काळात माधवरावांनी महसुलाची इजारदारी, म्हणजे वसुलीचा ठेका देण्याची पद्धत, मोडली, न्यायालयांची घडी बसवली आणि राजधर्मावर व्याख्याने देऊन तरुण महाराजांना कारभारासाठी तयार केले. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी दिवाणांनी पद सोडले.

तेव्हा घडी बसवण्याचे श्रेय माधवरावांचे, यात शंका नाही. पण ज्या सुधारणांमुळे बडोद्याचे नाव आपण आज घेतो, त्या त्यांच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू झाले. माधवराव १८९१ मध्येच मद्रास येथे निवर्तले होते.