शेख एदेबाली खरंच होऊन गेले का? उस्मानचे गुरू म्हणून त्यांनी नेमकं काय केलं?

तुमचा प्रश्न असा आहे की तुर्की मालिकेत ऑटोमन साम्राज्याचा संस्थापक उस्मान याला प्रत्येक वळणावर उपदेश करणारे शेख एदेबाली खरे होते की पटकथाकारांनी रचलेले. खरे होते. आणि मला तर जुन्या बखरीत भेटणारे एदेबाली मालिकेतल्यापेक्षा जास्त आवडतात.

आधी पुराव्याचं बोलू. 1302 मध्ये बाफेउसच्या लढाईत उस्मानने बायझंटाइन (पूर्व रोमन) सैन्याला हरवलं. त्या काळचा ग्रीक इतिहासकार पाखिमेरीस उस्मानबद्दल लिहितो, पण त्याच्या लिखाणात शेख नाहीत. ते सापडतात 1359 च्या सुमारास एल्वान चेलेबी यांनी लिहिलेल्या पद्यचरित्रात. हे चरित्र त्यांचे पणजोबा बाबा इल्यास यांच्या घराण्याचं. बाबा इल्यास म्हणजे 1240 मध्ये अनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सेल्जुक सुलतानाविरुद्ध झालेल्या मोठ्या बंडाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते सूफी. त्यांच्या शिष्यपरिवारात एदेबालींचं नाव आहे. उस्मान जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे 'ही सगळी नंतरची दंतकथा' असं म्हणता येत नाही.

त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगतो तो ऑटोमन बखरकार आशिकपाशाजादे. त्याची बखर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे दीडशे वर्षांनंतरची. शिवाय तो स्वतः बाबा इल्यास यांच्याच वंशातला, त्यामुळे आपल्या परंपरेचं माप तो जरा जास्त भरणार हे धरूनच त्याला वाचायला हवं. तरी त्याने सांगितलेल्या घरगुती गोष्टी मला खऱ्या वाटतात. तो म्हणतो, शेखांकडे धनदौलत होती, शेळ्यामेंढ्यांचे कळप होते, पण राहणी दरवेशाची, म्हणजे सूफी फकिराची. त्यांचं अतिथीगृह कधी रिकामं नसायचं आणि उस्मानही अधूनमधून तिथे मुक्कामाला यायचा.

गुरूने काय दिलं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या अतिथीगृहात आहे. उस्मान तेव्हा अनातोलियातल्या सोगुत गावाच्या आसपासच्या एका छोट्या टोळीचा म्होरक्या होता. शेखांच्या ओसरीवर त्याला माणसं भेटली. तुरसुन फकीह हे शेखांचे शिष्य आणि जावई. उस्मानच्या नावाने पहिला खुतबा (राज्यकर्त्याचं नाव घेऊन दिलं जाणारं शुक्रवारचं प्रवचन) त्यांनीच वाचला, असं बखर सांगते. शेखांचा भाऊ शमसुद्दीन आणि पुतण्या हसन हे दोघे 'अखी'. अखी म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या बंधुसंघातले लोक. मुहम्मद तुघलकाच्या दरबारात येण्याआधी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच अनातोलियातून गेला होता. तो लिहितो, हे तरुण दिवसभर कामधंदा करायचे, संध्याकाळी कमाई आणून आपल्या प्रमुखाकडे द्यायचे, त्यातून फळफळावळ आणि जेवणाची सोय व्हायची आणि गावात आलेला परका त्या पंगतीला बसायचा. देनिझली शहरात तर पाहुणा कुणाकडे उतरणार यावरून दोन गटांनी सुरे उपसले. बतूताला आधी वाटलं, लुटारूच आले! असे लोक पाठीशी असणं म्हणजे टोळीप्रमुखाला गावोगाव घर मिळण्यासारखं होतं.

आता दोन गोष्टी जपून सांगा. 'माणसाला जगव, म्हणजे राज्य जगेल' हा प्रसिद्ध उपदेश ज्या रूपात आज फिरतो, त्या रूपात तो जुन्या बखरींत नाही. ती रचना अलीकडची आहे. दुसरं म्हणजे लग्न. बखर म्हणते, शेखांची मुलगी मालहुन उस्मानला दिली. पण 1324 च्या एका दानपत्रावर साक्षीदारांमध्ये 'उमर बेय यांची कन्या माल हातून' असं नाव आहे ('हातून' ही स्त्रियांच्या नावापुढची मानाची पदवी). म्हणून बरेच अभ्यासक शेखांची मुलगी वेगळी धरतात. लोकपरंपरेत तिचं नाव बाला हातून. त्यामुळे 'उस्मानचा मुलगा आणि वारस ओरहान हा एदेबालींचा नातू' असं छातीठोकपणे सांगू नका.

आणि ते स्वप्न. शेखांच्या छातीतून चंद्र उगवला आणि उस्मानच्या छातीत शिरला. मग उस्मानच्या बेंबीतून झाड उगवलं, त्याच्या सावलीने जग झाकलं. सावलीत डोंगर, डोंगरांच्या पायथ्याशी झरे; कुणी पाणी पितंय, कुणी बागेला देतंय. शेखांनी अर्थ सांगितला: तुला आणि तुझ्या वंशाला राज्य मिळालं, आणि माझी मुलगी तुझी झाली. साम्राज्य उभं राहिल्यावर स्वप्नाला असा घाट येणं साहजिक आहे. पण पुढचा प्रसंग कुणी मुद्दाम रचेल असं मला वाटत नाही.

तिथेच शेखांचा एक दरवेश होता, कुमराल देदे. तो म्हणाला, तुला बादशाही मिळाली, आता आम्हाला काहीतरी दे. उस्मान म्हणाला, बादशहा झालो की एक शहर देईन. दरवेश म्हणाला, शहर राहू दे, हे एवढंसं गाव पुरे. पण लिहून दे. त्यावर उस्मान म्हणाला, मला कुठे लिहिता येतं, माझ्याकडे कागद काय मागतोस? आणि वाडवडिलांची तलवार आणि एक पेला काढून त्याच्या हातात दिला. हे खुणेला ठेव, माझे वंशज बघतील आणि मान्य करतील.

आशिकपाशाजादे लिहितो तेव्हा ऑटोमनांचं कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेऊन झालं होतं, दरबारात कारकुनांची फौज होती. ती तलवार मात्र, तो म्हणतो, अजून कुमराल देदेच्या वंशजांकडेच आहे आणि उस्मानच्या वंशातले राज्यकर्ते येऊन तिचं दर्शन घेतात.