भाकरीचा घास अडकतो आणि गाठ निघाली

प्रश्न: डॉक्टर, आम्ही राजारामपुरीत राहतो. मिस्टरांचं वय 42. वर्षभर भाकरीचा घास छातीत अडकतोय, पाणी प्यायलं की उतरतो. ॲसिडिटी समजून गोळ्या घेतल्या. आता सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेच्या मधल्या भागात 4 सेंटिमीटरची गाठ दिसली, लायोमायोमा असावा म्हणाले. सासूबाई म्हणतात गाठीला चाकू लावला की पसरते. छाती फाडावी लागेल का? आणि आधी तुकडा काढून तपासायचा का?

उत्तर: ताई, तुकड्याचं आधी सांगते, कारण घाई तिथंच होते. लायोमायोमा ही अन्ननलिकेत सगळ्यात जास्त सापडणारी साधी गाठ, ती आतल्या अस्तरातून नाही तर भिंतीतल्या स्नायूतून वाढते, म्हणून वरवरचा चिमटा घेतला तर बहुतेक वेळा नुसतं अस्तरच येतं आणि वर ते गाठीला चिकटून बसतं, मग ऑपरेशनमध्ये नेमकं तिथंच भोक पडायची भीती. आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करून घ्या, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी, गाठ कुठल्या थरात आहे ते कळतं. त्यात शंका आलीच तर सुईने तपासणी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

सासूबाईंना सांगा, या गाठीचा कॅन्सर होणं फार म्हणजे फार क्वचित. लहान असून त्रास नसेल तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो, पण यांचा घास अडकतोय म्हणजे काढलेली बरी.

छाती फाडायची गरज सहसा पडत नाही. मधल्या भागातली गाठ उजव्या बाजूने तीन-चार छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने काढतात, तेवढा वेळ उजवं फुप्फुस मिटवून ठेवतात. स्नायू उभा चिरून शेंगेतून पावटा सोलावा तशी गाठ अलगद सुटते, अन्ननलिका कापायची नाही, अस्तर शाबूत ठेवायचं. मग आतून हवा भरून गळती नाही ना बघतात आणि स्नायूला टाके. तोंडातून दुर्बीण घालून अस्तराखाली बोगदा करून काढायची पद्धतही आहे, पण ती साधारण 3-4 सेंटिमीटरपर्यंतच सोयीची, तुमची अगदी काठावर आहे. त्यामुळे कोल्हापुरात असो की पुण्यात, अशी किती ऑपरेशन्स केलीत हे सर्जनना बिनधास्त विचारा.

नंतर आधी पातळ, मग मऊ भात. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर थांबू नका, लगेच दाखवा, अस्तरातून गळती असू शकते. काढलेली गाठ लॅबमध्ये जाते, पक्कं निदान तिथंच होतं, तो रिपोर्ट मागून घ्या.